जोडलेला घोटा

उभा जन्म मुलांचे मराठीचे निबंध तपासण्यात गेला. अशा माणसाने निवृत्तीनंतर स्वतः काही लिहायला बसावे, हे थोडे आगाऊपणाचेच आहे. वाचकांनी क्षमा करावी. लिहितो आहे तेही एका शब्दापायी.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ईट या आमच्या गावाच्या शिवारात ते मेंढरे राखत. तरुणपणी डोंगराच्या खडकाळ उतारावर त्यांचा उजवा घोटा मोडला आणि गावातच कसाबसा बसवला गेला. पुढे तोच सांधा झिजला. म्हातारपणी पाऊल टेकताना ते ओठ आवळून घेत, तरीही रोज कळपामागे चढण चढत. शेवटी मीच त्यांना शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेले.

आबांना रक्त तपासायला नेले होते, तेवढ्यात डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावले. सांध्यातला झिजलेला भाग खरवडायचा आणि हाडे स्क्रूने एकमेकांना आवळायची. काही महिन्यांत ती एकजीव होतात. दुखणे थांबते, मात्र घोटा पुन्हा वाकत नाही. सपाटीवर चालता येते. डोंगर विसरा, असे ते म्हणाले.

आबा परत आले आणि डॉक्टर काय म्हणाले ते विचारू लागले.

"सांधा जोडतील, आबा."

"मग डोंगराला जाता येईल?"

"दुखणं राहणार नाही."

विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, हे मला बोलतानाच कळत होते. पण ते आवळलेले ओठ बघवत नव्हते. आबांनी संमतिपत्रावर अंगठा उठवला.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. प्लास्टर निघाले, चालण्याचा सराव झाला, दुखणे खरोखरच गेले. एका सकाळी ते मेंढरांमागे निघाले आणि डोंगराच्या पायथ्यापासून परत आले. ओसरीच्या शहाबादी फरशीवर त्यांचे पाऊल वेगळेच वाजत होते: डावे नेहमीसारखे हलके, उजवे एकदम, लाकडाचा ठोकळा ठेवावा तसे. मेंढरे हाकायची काठी गावातच राहणाऱ्या माझ्या भावाच्या हाती देत ते हसले. म्हणाले, मेंढरं बी वळून बघाय लागली, ह्यो कोन पावना आलाय म्हनून.

मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तू म्हनलास जोडत्यात. म्या म्हनलं, मोडलेलं जोडत्यात."

तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आल्यागेल्याला मात्र सांगत, पोरानं पाय बरा केला. ते ऐकणे अधिक जड जाई.

आबांना जाऊन तीन वर्षे झाली. अजूनही भर दुपारी ओसरीवर एक हलके आणि एक ठोकळ्यासारखे पाऊल वाजते. मी हातातले पुस्तक ठेवून दारापर्यंत जातो. फरशीवर ऊन असते, दुसरे काही नसते.

वर्गात कुणी विचारले असते, तर ‘जोडणे’चे दोन्ही अर्थ, मोडलेले सांधणे आणि दोन सुट्या गोष्टी एक करून टाकणे, मी फळ्यावर लिहिले असते. त्या दिवशी मी नेमका तोच शब्द निवडला, कारण आबांना त्यातला एकच अर्थ ऐकू येणार, हे मला ठाऊक होते. खरे सांगितले असते तर त्यांनी अंगठा दिला नसता. ओठ आवळून, पण डोंगर चढत राहिले असते.

तुम्ही त्यांना काय सांगितले असते?