मोटारीतला शब्द

काल लेकीनं माझ्या तोंडावर दार आपटलं. मी ओरडणार, तेवढ्यात गॅसवर कणीस भाजणारी माझी आई म्हणाली, “आगं, ऱ्हाऊ दे. टीनेजर हाय ती.”

जळक्या दाण्यांचा वास नाकात गेला आणि लग्नाआधीचा तो दिवस आठवला.

तेव्हा कार्ल्याच्या फाट्यावर आई कणसं भाजून विकायची, मी लिंबू-मीठ चोळून द्यायची. त्या दिवशी माझं मीठ एकाच कणसावर दोनदा पडत होतं. संध्याकाळी तिकोणा पेठ गावचे पाहुणे मला बघायला येणार होते आणि मला नुकतं पंधरावं लागलं होतं. समोर एक मोटार थांबली. आतल्या बाईनं कणीस घेऊन मागं बसलेल्या मुलीपुढं केलं, तर माझ्याच वयाच्या त्या मुलीनं आईचा हात झिडकारला, मोटारीचं उघडं दार धाडकन आपटलं आणि पाठ फिरवून बसली. आता हिच्या कानफटात बसणार, म्हणून मीच अंग चोरलं. पण ती बाई हसून आम्हाला म्हणाली, “टीनेजर आहे ना, चालायचंच.”

मोटार गेल्यावर मी विचारलं, “आई, टीनेजर म्हंजे काय गं?”

निखाऱ्यांवर वारा घालणारा आईचा हात थांबला. तेव्हा वाटलं, ती चिडली. आज वाटतं, तीही माझ्याइतकीच घाबरली होती.

“त्यांच्यात आसतंय तसलं,” ती खाली बघत म्हणाली. “चल, आवर. साडी नेसायचीय तुला.”