तांब्याभर पाणी

वकीलसाहेबांनी ओसरीवरून फेकलेला सुकतळा बाबांच्या छातीवर आदळला आणि खाली पडला. सुकतळा म्हणजे जोड्याच्या आत, टाचेखाली घालायचं चामडं. कडेनं वळलेलं, भाजलेल्या पापडासारखं. बाबांनी वाकून उचललं.

नल्लकुंट्यातल्या त्या अंगणात माणसं दाटली होती. पोलीस ॲक्शन होऊन थोडेच दिवस झाले होते. निजामाचं राज्य गेलं होतं आणि वकीलसाहेब तिरंगा चढवणार होते. पण त्यांना टाच टेकवत नव्हती.

"कुणी केला हा?"

"मी, सरकार," बाबा म्हणाले.

खोटं. तो मी केला होता. बाबांच्या पाठीमागेच उभा होतो. पोर नव्हतो, लग्न झालेला गडी होतो. तोंड उघडलं नाही.

"म्हाताऱ्या, हात गेला तुझा. घरी बस आता."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हौ, चमड्याच्या आधी म्हाताराच वाळला!" माणसं हसली. बाबा मान खाली घालून फाटकाबाहेर गेले.

आम्ही चांभार. मराठवाड्यातून येऊन सुलतान बाजारात बसलेले. दुखऱ्या टाचेचे सुकतळे करण्यात बाबांचं नाव होतं. गिऱ्हाइकाचा पाय ते मांडीवर घेत. अंगठ्यानं दाबत दाबत जात. माणूस "अय्यो" म्हणाला की थांबत. तिथं चामड्यात खळगा करायचा, भोवती थर चढवायचे. दुखरी जागा अधांतरी राहिली पाहिजे. एवढंच. पण त्यासाठी पाय हातात लागतो.

वकीलसाहेबांचा पाय आम्हाला कधी हातात मिळाला नाही. त्यांच्या अंगणात चाळलेली राख पसरत. ते तिच्यावर पाय ठेवून बाजूला होत. मग आम्ही उकिडवं बसून ठशावरून माप घ्यायचं. राखेत वजन उमटतं, कळ उमटत नाही. तरी बाबा अंदाजानं जमवत.

पण पुढं आणखी एक होतं. नवा सुकतळा घरात जाण्याआधी त्यांच्या आत्याबाई त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या. आमचा विटाळ धुवायला. मग उन्हात टाकायच्या. भिजलेलं चामडं उन्हात आखडतं. थर सुटतात, मऊ खळग्याचा दगड होतो. तो दगड जोड्यात घालून वकीलसाहेब कण्हायचे आणि आम्हाला बोलवायचे.

बाबांना हे ठाऊक होतं. मलाही.

"सांगून टाकू," मी एकदा म्हणालो होतो.

"काय सांगणार? तुमच्या सोवळ्यानं तुमची टाच गेली म्हणून? उद्या दुकान राहील का?"

झेंड्याच्या त्या सकाळी, बाबा फाटकाबाहेर गेल्यावर, वकीलसाहेब मला म्हणाले, "आता तू कर रे. तुझा हात तरुण आहे."

मी म्हणालो, "जी."

ते "जी" अजून माझ्या घशात आहे.

राख पसरली. त्यांनी पाय ठेवला, कळवळले, लंगडत झेंड्याकडे गेले. मी ठशाजवळ बसलो. तिकडून आवाज येत होता, "आजपासून इथं कुणी कुणाचा गुलाम नाही!" टाळ्या पडल्या. इकडं आत्याबाई तांब्या घेऊन आल्या. बाबा जिथं उभे होते तिथं त्यांनी पाणी ओतलं. शिंतोडे माझ्या पाठीवर आले. थंडगार. मी मापाची पट्टी गुंडाळून ठेवली. माप घेतलंच नाही.

भाषण संपवून ते परत आले. "झालं का माप?"

मी उठलो आणि पायानंच ठसा पुसून टाकला.

"पाय मांडीवर द्या, सरकार. नाहीतर होणार नाही."

"माजला काय रे तू?"

"होणार नाही," मी परत म्हणालो, आणि चालू लागलो.

आमच्या वस्तीत ही गोष्ट पसरली. पोरानं वकिलाला पाय मागितला! मला लोक ओळखायला लागले. पण सगळी गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पाण्याचं बोललो नाही. सुकतळा माझा होता, तेही बोललो नाही. मग गोष्टीत काय उरलं? म्हाताऱ्याचा हात गेला होता, पोरगा मात्र वाघ.

गिऱ्हाइकं दुकानात येऊन बाबांच्या देखत म्हणत, "तूच कर हां, म्हाताऱ्याला नक्को देऊ." मी घेत गेलो. बाबा कोपऱ्यात बसून माझ्या चामडं कापायच्या रापीला धार लावून द्यायचे. माझ्याकडं बघायचे नाहीत. मरेपर्यंत त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता नातवानं कुकटपल्लीत सुकतळ्यांचा कारखाना काढलाय. यंत्रावर पाय ठेवला की आकार निघतो. उद्घाटनाला माझ्या गळ्यात हार घातला. एकानं माईकवर सांगितलं, "पणजोबांचा हात गेला होता, पण आजोबांनी धंदा सावरला." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून घरात बसवत नाही. उठतो, फिरतो, परत बसतो. हात स्वस्थ राहत नाहीत.

बस झालं. नातवाला सांगितलंय, यंत्राशेजारी माझा पाट टाक. रोज येऊन बसणार. जो येईल त्याचा पाय आधी माझ्या मांडीवर येईल. दुखऱ्या जागेवर अंगठा ठेवून मी त्याला सांगणार: तो वाकडा सुकतळा माझा होता. पाण्यानं वाकला होता, त्यांच्या पाण्यानं. माझ्या बापाचा हात शेवटपर्यंत चांगला होता.

हे ऐकून कुणाला पाय ओढून घ्यायचा असेल, त्यानं खुशाल घ्यावा.