गुरुवारचे ट्रे

अंडं हातात घेतलं की आक्का आधी म्हणायची, "हळू. आत कोनतरी हाय." मग ते दिव्यासमोर धरायची. दिवसभरात शेकडो अंडी हाताखालून जात आणि प्रत्येक अंड्याला हेच. नव्या बाया हसायच्या. मीही हसले होते. महिन्याभरात घरी पिठाचा डबा उघडताना माझ्याच तोंडून ते निघालं, तेव्हा सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. चाकण रस्त्याला एक हॅचरी निघाली होती, म्हणजे कोंबडीची अंडी मशीनमध्ये उबवून पिल्लं काढायची जागा. आमचे नवरे पिंपरीच्या कंपन्यांत शिफ्टला, आम्ही बायका इथे. आक्का निघोज्याची, पस्तिशीची, हाडापेराने मजबूत. अंड्यांच्या पेट्या आपटणाऱ्या टेम्पोवाल्याची एकदा तिने गचांडी धरली होती. "तुला कुनी असं आपटलं व्हतं का रं, आयच्या पोटात असताना?" तो बिचारा पुढे पेट्या दोन्ही हातांनी उतरवायचा.

तिला मूल नव्हतं. तीनदा दिवस राहिले, तिन्ही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेलं. हे तिने मला भाकरी मोडता मोडता सांगितलं. माझे डोळे भरले तर म्हणाली, "रडू नगंस. ठेचा घे."

आता मॅनेजर. त्याचं नाव मी घेणार नाही, तेवढीही त्याची लायकी नाही.

सोमवारी ट्रे मी भरायचे, गुरुवारी आक्का. ट्रेच्या लाकडी कडेवर भरणारीचं नाव पेन्सिलने लिहायचं. पुढच्या गुरुवारी सगळी अंडी दिव्यावर बघायची. मॅनेजर ट्रेवरचं नाव मोठ्याने वाचायचा आणि किती जिवंत, किती मेली ते सांगायचा. माझी अंडी चांगली निघत. दिव्यासमोर आतल्या लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसत. आक्काची निम्म्याहून जास्त मेलेली असत. आत नुसतं रक्ताचं एक कडं.

एका गुरुवारी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वांझ बाईच्या हाताला कसली पिल्लं लागणार?" आणि त्याच दमात माझं कौतुक केलं. बाया खाली बघत राहिल्या. मीही. खोटं कशाला बोलू, ते कौतुक मला गोड लागलं होतं. आज त्याची शरम वाटते.

आक्का उठली. मेलेली अंडी घमेल्यात घेऊन मागच्या लिंबाखाली फोडत बसली. मी गेले तर म्हणाली, "बग. समदी येकाच वयाची. दोन दिस जगली अन् गेली." मग बोटं मोजली. "बेस्तरवारी भरली. शुक्कर. शनवार." बोट तिथेच थांबलं.

शनिवारी मॅनेजर जंतू मारायला मशीनमध्ये धुरी द्यायचा. जांभळ्या खड्यांवर फॉर्मॅलिन ओतायचं, दारं लावायची. नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा धूर. रविवारी मालक येत, त्यांना सगळं स्वच्छ वाटावं म्हणून हा थाट. माझ्या अंड्यांना तोवर पाच दिवस झालेले असत, ती तगायची. आक्काची दोनच दिवसांची असायची. एवढ्याशा जिवाला तो धूर कसा सोसणार?

"माजं कशानं गेलं, मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "ह्यांचं ठाव हाय."

"मग सांग की मॅनेजरसाहेबांना."

"सांगू? त्याच्याच तोंडानं वदवीन!" तिचे डोळे असे काही चमकले की मला धडकी भरली. "ह्या सोमवारी मी भरते, बेस्तरवारी तू भर. नावं उलटी लिव."

मला तेव्हा दुसरा महिना होता. फक्त तिलाच माहीत होतं. धुरीचं घमेलं धरायला मला हाक आली की ती आधी जाऊन उभी राहायची. "तू न्हाई. आत कोनतरी हाय." पण माझ्या हातची अंडी मेली तर उद्या मलाही तेच म्हणतील, म्हणून मी घाबरले. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे." ते "ऱ्हाऊ दे" मला असं झोंबलं की सोमवारी तिला माझ्या नावाने भरू दिलं, गुरुवारी मीच ट्रे भरले आणि कडेवर तिचं नाव लिहिलं.

पुढच्या गुरुवारी तिने निरोप धाडून मालकांना बोलावून घेतलं. मॅनेजरने सोमवारच्या ट्रेवरचं माझं नाव वाचलं, तोंडभर कौतुक केलं. मग गुरुवारच्या ट्रेवरचं आक्काचं. "बघा मालक, पुन्हा तेच. वांझेचा हात." आक्काने त्याला पोटभर बोलू दिलं.

मग म्हणाली, "नाव माजं हाय, मालक. हात कुनाचा ते इचारा."

मी पुढे झाले. "माझा. हे मी भरलेत, आणि मला दिवस गेलेत. तुम्ही कौतुक केलंत ते आक्काच्या हातचे."

शनिवारचा हिशोब आक्काने बोटांवर करून दाखवला. मग ती मॅनेजरकडे वळली. "आता तुमीच फोडा, सायेब. येकूणयेक. आत कोन व्हतं ते बगा."

"फोडा," मालक म्हणाले.

त्याने फोडली. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सावरत, नाक मुरडत, एकेक करून सगळी. दुपार टळली, एक बाई जेवायला हलली नाही. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

शनिवारची धुरी बंद झाली. ट्रे मशीनमध्ये जाण्याआधीच, वेगळ्या खोलीत द्यायची असं ठरलं. गुरुवारची अंडी जगू लागली. आणि दोन महिन्यांनी त्याने डाव साधला. ट्रेवर खोटी नावं लिहिली म्हणून आक्काला कामावरून काढलं. मालकांनी मुकाट सही केली. जाताना ती माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "हळू." बाकीचं बोललीच नाही. मला मुलगी झाली तेव्हा सांगायला निघोज्याला गेले, तर घराला कुलूप. नवऱ्याबरोबर कुठे गेली, कुणाला सांगता येईना.

गुरुवारचे ट्रे माझ्याकडे आले. मी प्रत्येक ट्रेवर आक्काचं नाव लिहिलं. त्याने पुसलं. मी पुन्हा लिहिलं. मला काढायची त्याची छाती नव्हती, गुरुवारच्या पिल्लांवरच त्याची नोकरी टिकली होती. नऊ वर्षं, दर गुरुवारी, सगळ्या बायांसमोर त्याला तिचं नाव मोठ्याने वाचावं लागलं, आणि त्यापुढे म्हणावं लागलं, "जिवंत."

आक्का ही आमची हाक; तिचं ते खरं नाव मी इथे लिहिलेलं नाही. तो आता म्हातारा झालाय, चिंचवडला मुलाकडे असतो. त्याला विचारा. त्याला पाठ आहे.