मंदाताईंची बिनआवाजाची स्कूटर आणि चिमूरचा रस्ता

नागभीडहून चिमूरला आम्ही बसनेच जाणार होतो. पण माझ्या मोठ्या नणंदेने, मंदाताईंनी, नुकतीच विजेवरची स्कूटर घेतली होती आणि लेकीच्या घरी तीच न्यायचा त्यांचा हट्ट होता.

"इले लायसन लागत नाई, नंबर लागत नाई. बस मांगं, सुषमा."

साठीत पहिल्यांदा हँडल हाती आलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? मी हेल्मेट घातलं. ताईंनी डोक्याला स्कार्फ बांधला, उन्हासाठी.

गाव सुटल्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मग जंगल. रस्ता बरा आहे, वळणांवर मात्र गिट्टी असते. वाटेत आलुबोंडे खाल्ले. टपरीवाल्याने चार्जर लावू दिला म्हणून चहाही दोनदा घेतला. तिथून निघाल्यावर ताईंनी एका मोटरसायकलला मागे टाकलं, तेव्हा मी चमकले.

"ताई, ही पंचविसाच्या वर जात नाही ना?"

"मिस्त्रीकडून वेगाचा लॉक काढून घेतला. आता चाळीसवर जाते," ताई नवीन पाटल्या दाखवाव्यात तशा म्हणाल्या.

पुढच्या वळणावर एक म्हातारे बाबा डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चालले होते. गाडीला आवाज नाही, त्यांना कळलंच नाही. ताईंनी ब्रेक दाबला, पण चाळीसच्या वेगाला तो पुरेना. हँडल वळलं आणि आम्ही दोघी खालच्या बांधीत. तिथे अजून ओल होती, चिखल मऊ होता, म्हणून हाडं वाचली. ताईंच्या कपाळाला खरचटलं.

बाबांनी भारा खाली ठेवला, आम्हाला हात देऊन उठवलं. "बाई, गाडी मुकी हाय, तर तुमी तरी ओरडाचं ना."

चिमूरच्या वेशीवर वाकलेला आरसा पाहून वाहतूक पोलिसाने थांबवलं.

"पडल्या का? किती वेगात होत्या?"

"चाळीस. एका म्हाताऱ्या बाबाले वाचवाले गेलो अन् पडलो," ताई खरं तेच बोलल्या.

"मग लायसन दाखवा. नंबर, विमा?"

"दुकानदार तर काहीच लागत नाई म्हणे."

"पंचविसाच्या आत चालली तरच नाई लागत, बाई. लॉक काढला की ही मोटरसायकलच समजा. आज तो म्हातारा लागला असता, तर विम्याशिवाय काय केलं असतं?"

ताईंनी पर्स उघडली. चलान झालं. चावी हाती मिळाली, पण चालवायची परवानगी नाही. जावई टेम्पो घेऊन आले. परतीला स्कूटर टेम्पोत सोयाबीनच्या पोत्यांवर आरामात पहुडली होती आणि आम्ही बसमध्ये उभ्या.

आता लॉक परत बसवलाय, ताईंसाठी हेल्मेटही आणलंय. तरी ताई शिकाऊ लायसनच्या परीक्षेचा अभ्यास करताहेत. "मले चाळीसच पायजे," म्हणतात.

मला मात्र त्या बाबांची पाठ आठवते. आम्ही इतक्या जवळ येऊनही त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं.