खाणीवरून आलेली चाल

चंद्रभान एंगडे याच्याविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही. आमची घरं एकाच बोळात होती, एवढीच आमची ओळख. तो मुळात कमी बोलायचा, आणि मी एसटीत कंडक्टर, त्यामुळं घरी कमी असायचो. त्याला काय आवडायचं, तो कशाला भ्यायचा, यातलं मला काही माहीत नाही. विहारातली पोरं म्हणाली की वस्तीतल्या जुन्या माणसांविषयी कुणीतरी लिहून ठेवावं. त्याच्या बरोबरीचं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून हे माझ्याकडं आलं. चुकलं असेल तिथं त्याच्या लेकीनं दुरुस्त करावं.

आमचं गाव पालमच्या अलीकडं, फाट्यावरून आत. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली होती. चंद्रभान फार शिकलेला नव्हता, पण त्याला आवाज होता. लग्न असो की कुणाचं पुण्यानुमोदन, त्रिशरण आणि पंचशील तोच सांगायचा आणि सगळी वस्ती त्याच्या मागून म्हणायची. म्हाताऱ्या बायका सांगायच्या की चंद्रभाननं सांगितलं म्हणजे म्हटल्यासारखं वाटतं. पाचवं शील नशापाणी न करण्याचं. ते तो नुसतं सांगत नव्हता. आमच्याकडं शिंदी म्हणजे उन्हाळ्यातलं पाणीच, पण त्यानं कधी ओठाला लावलेली कुणी पाहिली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. आमच्याकडं आग आली नाही. पण रानात कामाला कुणी बोलवेना, गिरणीवाला दळण घेईना. कडूबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ भंडाऱ्याकडं मँगनीजच्या खाणीवर होता. चंद्रभान तिला आणि लहानग्या यशोधराला घेऊन तिकडं गेला. मग बरीच वर्षं आम्हाला त्यांची काही खबर नव्हती.

तो परत आला तो माझ्याच गाडीतून. परभणीलाच मी त्याला चढताना पाहिलं, पण ओळखलं नाही. चेहरा लाकडात कोरल्यासारखा झाला होता, पापणीसुद्धा हलत नव्हती. फाट्यावर उतरला आणि सरळ उभा राहता राहता मागच्या मागं पडला.

खिडकीतून एक जण म्हणाला, "सकाळी सकाळीच लावून आलंय की!"

गाडीत हशा झाला. मागोमाग उतरलेली कडूबाई त्याला उठवत म्हणाली, "पित न्हाईत हो ते. उगं कायबी बोलू नका."

"हां हां, माझी बायकोबी तेच सांगती," तो म्हणाला, आणि गाडी पुन्हा हसली.

त्या दिवसापासून ते त्याला चिकटलं. तो चालायचा ते चवड्यांवर, कोपर दुमडून, छाती पुढं काढून. पोरं मागं लागायची, "कोंबडा आला, कोंबडा आला!" वळायचं म्हटलं की तोल जायचा. हात थरथरायचे. परभणीच्या एका डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि दारू सोड म्हणून सांगितलं. कडूबाईनं ते मला हसत हसत सांगितलं, पण डोळे पुसत.

खाणीविषयी तो माझ्याशी एकदाच बोलला. वस्तीत तेव्हा घरोघर विजेरी नाहीतर रेडिओ होता. सेल उतरले की बायका ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायच्या, म्हणजे आणखी चार दिवस चालायचे. अगदीच गेले की पोरं ते दगडानं फोडायची आणि आतली काळी भुकटी पानांच्या रसात कालवून शाळेच्या पाट्यांना चोळायची. पाटी झकास काळी व्हायची. आम्हीही लहानपणी कोळशानं तेच केलं होतं. एका रविवारी पोरं विहाराच्या ओट्यावर हा उद्योग करत बसली होती. चंद्रभान आला, पडत धडपडत खाली बसला आणि त्यांच्या हातातली भुकटी खरवडून काढायला लागला. पोरं रडायला लागली. मी धावलो.

"काय करायलास चंद्रभान दादा? पाट्याच रंगवायलेत की ती."

"धुवायला सांग," तो म्हणाला. आवाज इतका बारीक झाला होता की मी वाकून ऐकलं. "हात धुवायला सांग. नखातून न्हाई निघत."

पोरांना मी हापशावर पाठवलं. मग तो बराच वेळ, एकेक शब्द जोडत, बोलला. तिकडं तो खड्ड्यात नव्हता. खाणीजवळ एका ठेकेदाराची चक्की होती, तिथं दगड दळायचे. काळं पीठ पोत्यात भरून सेलच्या कारखान्यांना जायचं. शेडला खिडकी नव्हती, कारण वाऱ्यानं माल उडतो. तोंडाला फडकं बांधायचं, ते दुपारपर्यंत चिखलासारखं व्हायचं. थुंकी काळी, घाम काळा. खाली एक बोडी होती, म्हणजे भातशेतीचं लहान तळं. पावसात खाणीची माती तिच्यात उतरायची. आधी मासे गेले, मग बोडीखालचा भात पिवळा पडायला लागला. शेतवाले भांडायला आले की ठेकेदार त्यांच्याच पोरांना चक्कीवर कामाला ठेवायचा.

"मग भांडण मिटायचं?" मी विचारलं.

"मिटायचं," तो म्हणाला.

हे मी तेव्हा कुणाला सांगितलं असेल, नसेल, आठवत नाही. सांगूनही फार उपयोग झाला नसता. पीठ दळून माणूस कसा डुलायला लागेल, हे मलाही कळलं नव्हतं.

तात्याराव आमच्या विहार समितीचे प्रमुख. माणूस कडक, पण वाईट नाही. विहारासाठी पत्रे त्यांनीच दारोदार फिरून जमवले होते. त्यांची आई गेली तेव्हा सगळी वस्ती जमली. वंदना चालू असताना चंद्रभान एकदम हसला. मोठ्यानं, खळखळून, आणि त्याला थांबता येईना. चेहरा तसाच लाकडी, आणि त्यातून हसू. कडूबाईनं पदरानं त्याचं तोंड दाबलं आणि बाहेर नेलं. हे हसूही त्याच दुखण्याचं होतं, त्याला ते आवरत नव्हतं. पण हे आम्हाला कसं कळणार? मेलेल्या माणसासमोर शुद्धीतला माणूस हसत नाही, असंच सगळे समजले.

तात्यारावांनी पुढच्या बैठकीत सांगितलं, "पंचशील सांगणारा माणूस ते पाळणारा पाहिजे. चंद्रभानला आता पुढं बसवायचं न्हाई."

मी म्हणालो, "मी त्यांच्याजवळ बसलो होतो. वास तर नव्हता."

"कंडक्टर, तुमच्या गाडीत डिझेलच्या वासानं नाक मेलंय तुमचं," ते म्हणाले. "आजकाल वास न येणारीबी मिळती."

लोक हसले. चंद्रभान कोपऱ्यात होता.  त्या दिवसापासून तो विहारात दाराबाहेर बसायला लागला.

मग यशोधराचं लग्न ठरलं, पूर्णेकडच्या मुलाशी. त्यानंतर कडूबाई माझ्या घरी आली.

"भावजी, त्यांनी आयुष्यात काय मागितलं न्हाई. आता म्हणतेत, लेकीच्या लग्नात पंचशील मीच सांगणार. दुसऱ्यानं सांगितलं तर मांडवात येत न्हाई म्हणतेत. सोयऱ्यांनी इचारलं, बाप का सांगत न्हाई, तर म्या काय सांगू? दारुड्याची लेक म्हणून नांदंल का ती?"

मी तात्यारावांकडं गेलो. ते म्हणाले, "मला काय त्याचं वाईट करायचंय का? पण पाहुण्यांसमोर हसला तर? सगळ्या वस्तीची शोभा होईल." त्यांचंही खोटं नव्हतं. मी परत आलो. मला कधी कुणाला पटवून सांगता आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी परभणीच्या स्टँडवर माझ्या गाडीत एक म्हातारा चढायला लागला. म्हणजे मला म्हातारा वाटला, पण वय फार नसावं. पायरीवर पाय ठेवला आणि मागं कलंडला. मी धरला. चवड्यांवर चालणं, दुमडलेले कोपर, न हलणारा चेहरा. मी विचारलं, "कुठं जायचं?" तर त्यानं आमच्याच गावाचं नाव घेतलं.

"चंद्रभानच्या पोरीचं लगन हाये जी," तो म्हणाला. "मी मेश्राम. चक्कीवर संगं होतो."

गाडीतले लोक त्याच्याकडंही बघून कुजबुजत होते. मी त्याला माझ्या सीटवर बसवलं. फाट्यावर माझी पाळी संपत नव्हती, तरी ड्रायव्हरला थांबायला सांगून त्याला वस्तीपर्यंत नेलं. मांडव घालायचं काम चालू होतं. तात्याराव खुर्चीवर बसून पोरांना बांबू कुठं रोवायचे ते सांगत होते. चंद्रभान दारातून उठून पुढं आला. दोघं एकमेकांकडं चालत निघाले, अगदी एका चालीनं, आणि भेटले तेव्हा दोघंही पडू नयेत म्हणून एकमेकांना धरून उभे राहिले. पोरंसुद्धा गप्प झाली. कोंबडा म्हणावं, तर दोन होते.

तात्यारावांनी मेश्रामला विचारलं, "तुम्हीबी घेता का हो?"

"काय घेतो जी?"

"दारू."

मेश्रामला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "नाही जी. आमच्या टोलीत, वस्तीत, असे लय हायेत. चक्कीवरचे. बायाबी हायेत. तेले आमच्याकडं चक्कीचा रोग म्हणतेत. एक तर चुलीत पडली, तिले उठता नाही आलं." आणि चंद्रभानकडं हात करून म्हणाला, "हा तर चांगला हाये अजून."

तात्याराव खुर्चीवरून उठले.  मेश्रामला खुर्ची दिली आणि स्वतः पाण्याचा तांब्या आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी मांडवात पूर्णेचे पाहुणे, पांढऱ्या कपड्यातली नवरा-नवरी, मेणबत्त्या, सगळं तयार होतं. लाइट गेली होती, त्यामुळं भोंगा बंद. तात्यारावांनी चंद्रभानला हाताला धरून पुढं आणलं, खाली बसवलं आणि स्वतः लोकांत जाऊन बसले.

चंद्रभाननं सुरुवात केली. पण आवाज कुठं होता? ओठ हलताना दिसत होते. पहिल्या रांगेच्या पलीकडं काही पोचत नव्हतं. मागून माणसं माना उंच करायला लागली. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं सांगा की!" त्यानं पुन्हा सुरुवात केली, त्याहून बारीक. मी खाली बघितलं.

मग यशोधराचा आवाज आला. नवरी मुलगी नुसतं मागून म्हणते, पण ती बापाच्या ओठांकडं झुकली होती, आणि तो जे म्हणेल ते शब्दन् शब्द मोठ्यानं सांगत होती. लोक तिच्या मागून म्हणायला लागले. तो अडखळला की ती थांबायची, सगळा मांडव थांबायचा. तिनं एकही शब्द त्याच्याआधी उच्चारला नाही. तिला तर सगळं पाठच होतं. पाचव्या शीलाला तो फार वेळ अडकला. कुणी पुढं ढकललं नाही. त्यानं म्हटलं, तिनं म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं. तात्यारावांचा आवाज त्यात सर्वांत मोठा होता.

पुढं चंद्रभान फार जगला नाही. विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा तो नव्हता. तिकडं चक्की चालूच होती, असं मेश्रामच्या गावाकडच्या एका प्रवाशानं मला सांगितलं. मेश्रामचं काय झालं, ते त्याला माहीत नव्हतं.

शेवटचा मी चंद्रभानला भेटलो ते थंडीच्या दिवसांत. यशोधरा मला पूर्णेच्या स्टँडवर भेटली होती. तिच्या सासरच्या वस्तीत दर रविवारी वंदना आता तिलाच सांगायला लावतात, हे बापाला सांगा म्हणाली. मी घरी गेलो, त्याच्या बाजेजवळ बसलो आणि सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून आनंद झाला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. त्यानं पुन्हा सांग म्हणून बोट हलवलं, मी पुन्हा सांगितलं. मग मी निघालो.

"रंगनाथ," तो म्हणाला.

मी वाकलो.

"दार लोटून घे जाताना. शेळी आत येती."

"लोटतो," मी म्हणालो.