अकराव्या प्रकरणापुढे मी ‘पेंडिंग’ लिहिलं

सुजाताचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका पुस्तकातले श्वास कापत बसलो होतो. सुजाता नर्स आहे. आवाज खाली ठेवून बोलायची तिला सवय आहे. तिनं एवढंच विचारलं, "काका, अकरावं प्रकरण आईनं कधी वाचलं?"

मी म्हणालो, वाचलंच नाही.

"मग माझ्या कानात कोण बोलतंय?"

मी ऑडिओबुकचा एडिटर आहे. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचा लहानसा स्टुडिओ आहे. पुण्याची एक कंपनी पुस्तकं पाठवते. आम्ही ती कुणाकडून तरी वाचून घेतो, साफ करतो आणि परत पाठवतो. साफ करणं म्हणजे चुका काढायच्या, मोठे श्वास बारीक करायचे, मध्येच खालच्या क्लासची बेल वाजली असेल तर ते वाक्य पुन्हा घ्यायचं.

सुजाताची आई, कांबळे बाई, आमच्याकडे नऊ वर्षं वाचत होत्या. शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर एस.टी.नं यायच्या आणि माइकसमोर बसायच्या. आवाज घुमू नये म्हणून बूथच्या भिंतीला जी वाकळ टांगली आहे, ती त्यांच्या आईनं शिवलेली. फोन आला तेव्हा बाईंना जाऊन तीन महिने झाले होते. वाकळ तिथंच होती. काढायचं मी रोज ठरवत होतो.

मी कंपनीचं ॲप उघडलं आणि अकरावं प्रकरण लावलं. आवाज बाईंचा होता. शब्द सुटे, शेवटचं अक्षर न गिळलेलं, स्वल्पविरामाला बरोबर तेवढाच थांबा. मी नऊ वर्षं तो आवाज कानाला लावून बसलेला माणूस, आणि पहिलं अर्धं मिनिट मलाही काही वेगळं वाटलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर वर्षभर मागे जावं लागेल.

बाईंना दम लागायला लागला होता. तेव्हा कंपनीनं व्हॉइस क्लोन आणला. म्हणजे एखाद्या माणसाचं पुष्कळ रेकॉर्डिंग यंत्राला ऐकवायचं. मग नवं वाक्य टाइप केलं की यंत्र ते त्याच माणसाच्या आवाजात म्हणतं. बाईंची तोवरची साफ केलेली पुस्तकं मीच पाठवली. पहिल्यांदा आम्ही त्याचा उपयोग पिकअपला केला. पिकअप म्हणजे दुरुस्ती. एखादा शब्द अडखळला, तर तेवढ्यासाठी बाईंनी शिरोळहून यायचं नाही, यंत्रानं तो शब्द द्यायचा. नियम बाईंनीच घातला. प्रत्येक शब्द आधी त्या हेडफोनवर ऐकणार. "ह्यो माझा हाय, ठेवा." किंवा, "ह्यो माझा न्हाय. असा हेल मी जन्मात काढला न्हाय."

हे यंत्र मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एका गोष्टीत म्हातारी आपल्या बारा वर्षांच्या रूपाशी बोलते असा प्रसंग होता. बाई म्हणाल्या, माझा लहानपणचा आवाज काढता येईल का बघा. आम्ही दोघं तीन दिवस त्या खटपटीत होतो. त्या म्हणायच्या, अजून बारीक. इतकी शहाणी नको, जरा हट्टी करा. शेवटी म्हातारीची वाक्यं त्यांनी स्वतः वाचली आणि पोरीची यंत्रानं म्हटली. बाईंनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मी अशीच व्हते की, दिनकरराव." आमच्या स्टुडिओतलं ते सगळ्यांत चांगलं काम आहे. बाई शेजारी बसल्या होत्या म्हणून ते चांगलं झालं.

मग ही कादंबरी आली. जुनी, ग्रामीण, नावाजलेली. कंपनीनं त्या वेळी एक फॉर्म पाठवला. पुस्तक पूर्ण करण्यासाठी आवाजाची प्रतिकृती वापरायला हरकत नाही, असा. तो मीच बाईंना दिला. पिकअपसाठी आहे, असं सांगितलं. त्यांनी सही केली.

दहा प्रकरणं नीट झाली. अकराव्यात जत्रेचा प्रसंग आहे. गावकुसाबाहेरची एक बाई पाणी मागते आणि गाव तिची फजिती करतं. दोन पानं ती फजिती चालते. मी ते आधी वाचलं होतं. मला त्यात काही खटकलं नव्हतं. आमच्या घरी असले प्रसंग वाचून माणसं हसलेली आहेत, मीही हसलेलो आहे. हे लिहायला मला बरेच दिवस लागले.

बाई अर्ध्या पानावर थांबल्या. टाळी वाजवली. आमच्या कामात वाचताना चूक झाली की वाचणारा एक टाळी वाजवतो. स्क्रीनवर आवाजाच्या रेघांमध्ये ती सुळक्यासारखी वर येते. एडिट करताना सुळका दिसला की समजायचं, हे कापायचं. मला वाटलं, शब्द अडखळला असेल. बाई हेडफोन काढून म्हणाल्या, मी हे वाचणार नाही. मी म्हणालो, बाई, त्या काळचं लेखन आहे. बाई रागावल्या नाहीत. शाळेत मुलाला गणित समजावतात तशा बोलल्या.

"जात लिवली म्हणून माझा राग न्हाय. लिवायलाच पायजे. पण ह्यो लिवणारा गावासंगं हसतोय, आणि मलाबी हसत वाचायला लावतोय. माझ्या आज्जीला हसू व्हय मी? दुसऱ्या कुणाला तरी द्या हे."

बाकीची प्रकरणं वाचते म्हणाल्या, आणि वाचली.

त्या संध्याकाळी मी शीट भरली. कंपनीच्या शीटमध्ये प्रत्येक प्रकरणापुढे तीनच पर्याय असतात. डन, रीटेक, पेंडिंग. नकाराला जागा नव्हती. फोन करून सांगता आलं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं, चर्चा झाली असती, मिटिंग लागली असती. मला मिटिंगची भीती वाटते. मी पेंडिंग निवडलं आणि शेऱ्यात ‘तब्येत’ लिहिलं. पुढे बघू, असा विचार केला. पुढे बाई दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत.

सुजाताचा फोन ठेवून मी प्रकरण शेवटपर्यंत ऐकलं. फजितीच्या जागी तो आवाज हसतो. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. ते हसू मला ओळखता आलं. बाई मुलांच्या गोष्टी वाचताना ससा खड्ड्यात पडला की तसं हसायच्या. ती पुस्तकं मीच पाठवली होती. यंत्रानं तिथून ते हसू उचललं आणि पाणी मागणाऱ्या बाईवर लावलं.

मी निखिलला फोन केला. तो कंपनीत प्रॉडक्शन बघतो, माझ्या मुलाच्या वयाचा आहे. म्हणालो, हे ताबडतोब काढा.

"सर, काय प्रॉब्लेम आहे? क्वालिटी तर मस्त आलीये. आम्ही तर ट्रिब्यूट म्हणून केलं."

मी म्हणालो, बाईंनी ते वाचायला नकार दिला होता.

"शीटमध्ये तर पेंडिंग आहे. कारण तब्येत. तुम्हीच भरलंय. आणि मॅडमची सही आहे, पुस्तक पूर्ण करायला."

तो खोटं बोलत नव्हता. मला त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या. आयुष्यात कधी दिल्या नाहीत, त्यामुळे वेळेवर सुचल्या नाहीत.

साफ केलेली फाइल कंपनीकडे जाते. कच्चं रेकॉर्डिंग, म्हणजे चुका, खोकला, गप्पा, सगळ्यासकट असलेलं, माझ्याकडच्या डिस्कवर राहतं. मी ते कधी पुसत नाही. त्या दिवसाची फाइल काढली. टाळीचा सुळका सापडला. त्याच्यापुढे माइक चालूच होता. बाईंचं बोलणं सगळं होतं, आणि ‘त्या काळचं लेखन आहे’ म्हणणारा माझा आवाजही होता. मला माझा भाग कापून पाठवता आला असता. हात तिथपर्यंत गेला होता.

तो कापला नाही, फाइल तशीच निखिलला पाठवली. तासाभरानं निखिलचा फोन आला. तो हळू बोलत होता. "सर, हे तुमच्याकडे होतं, तर पेंडिंग का लिहिलं?"

मी म्हणालो, मला वाद नको होता.

कंपनीनं प्रकरण त्याच दिवशी ॲपवरून काढलं. दुसऱ्या वाचकाकडून करून घेऊ म्हणाले. बाईंचा क्लोन डिलीट केला असंही कळवलं. केला असेल. ते तपासायचं साधन माझ्याकडे नाही, सुजाताकडेही नाही.

सुजाता स्टुडिओत आली. मी कच्चं रेकॉर्डिंग तिला ऐकवलं, माझ्या वाक्यासकट. ती वाकळीकडे बघत होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी ऱ्हावू द्या काका. दुसरा माणूस वाचंल, आणि लोक म्हणतील कांबळे बाई आजारी पडल्या म्हणून ऱ्हायलं. आईनं नको म्हटलं, हे कुठं ऐकू येणार?"

मी कंपनीला कळवलं की प्रकरणाच्या आधी बाईंचा नकार सांगणारं एक वाक्य हवं. ते नको म्हणाले. वादाला आमंत्रण कशाला, असं लीगल टीमचं मत पडलं. त्यांची दुसरी दोन पुस्तकं माझ्याकडे होती. मी म्हणालो, वाक्य लागेपर्यंत ती माझ्याकडेच राहतील. निखिल म्हणाला, सर, तुम्ही असे नव्हता. मी म्हणालो, हो. आठ दिवसांनी मेल आला, एक वाक्य चालेल.

ते कुणी वाचायचं, हे कुणी विचारलं नाही. मी बूथमध्ये जाऊन बसलो. नऊ वर्षं मी काचेच्या बाहेर होतो. समोर वाकळ होती. "हे प्रकरण वाचायला कांबळे बाईंनी नकार दिला होता, म्हणून ते दुसऱ्या आवाजात आहे." सहा वेळा चुकलो, सहा टाळ्या वाजवल्या. सातव्या वेळी जमलं. श्वास तसाच ठेवला आहे.

आता आमच्या शीटमध्ये चौथा पर्याय आहे, नकार. कंपनीनं तो द्यायची तयारी दाखवली, पण कारणाचा रकाना लहान ठेवला आहे. त्यात जेमतेम एक शब्द मावतो. ‘तब्येत’ मात्र अगदी नीट बसते.