जुबेदाभाभींची ब्लूबेरी

मे महिन्यात दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या जुन्या घराच्या नळाला सकाळीच कढत पाणी येई. गच्चीवरच्या टाकीत तापून निघालेल्या त्या पाण्याला गंजाचा आणि समुद्राचा पुसट वास असे. एसीच्या गारव्यात निवावे म्हणून मी आणि शेजारच्या जुबेदाभाभी ते बादल्यांत भरून घरात ठेवत असू, आणि मग किंचित व्हिनेगर मिसळून आमच्या सामाईक परसातल्या ब्लूबेरीच्या दोन रोपांना घालत असू.

ती रोपे भाभींच्या नसीमने आणली होती. दुबईतच वाढलेली ही मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका हिवाळ्यात माहेरी आली ती ओल्या शेवाळात मुळे गुंडाळलेल्या या काड्या सामानात जपत. "दीज आर फ्रॉम माय गार्डन, मा," ती म्हणाली होती, "याला पांढरी फुलं येतात."

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली. या झुडपांना आम्लधर्मी माती लागते, लांबलचक थंडी लागते. आमच्या परसात होती ती चुनखडीची, खारावलेली वाळू. पण लेकीने स्वतःच्या हाताने लावलेल्या रोपांविषयी आईला हे कसे सांगावे?

फेब्रुवारीत त्यांना तांबूस, कोवळी पालवी फुटली आणि मार्चमध्ये जावयाचा फोन आला : नसीमला रक्ताचा कर्करोग झाला होता. भाभी व्हिसासाठी पुन्हापुन्हा खेटे घालत आणि प्रत्येक वेळी एजंटाचे "होईल, इन्शाल्ला" एवढेच ऐकून परतत. लेकीच्या कपाळावर ठेवायचे हात मग त्या रोपांवर ओली गोणपाटे पसरण्यात गुंतवत. "ही जगली पायजेत गे वैनी," त्या म्हणत. मी गोणपाटाचे दुसरे टोक धरी.

जूनमध्ये पाने पिवळी पडली, कडांनी करपली, आणि वाळूचा वारा सुटून गेल्यावर एका सकाळी भाभींनी हात लावलेली फांदी कटकन मोडली. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी त्यांच्याजवळच होते. मलाही ऐकू यावे म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"आय ॲम फाइन, मा. नीट जेवते." नसीमचा आवाज अगदी विरलेला होता. "फुलं आली का गं?"

भाभींनी खिडकीबाहेरच्या त्या काटक्यांकडे पाहिले. "आली ना! इतकी, की पानं दिसत नाहीत."

"खरंच?" ती हसली. "मला वाटलंच होतं."

व्हिसा आला तो नसीम गेल्यानंतर. भाभी गेल्या आणि तिची कबर पाहून परतल्या. ते खोटे तरी तिला सुख देऊन गेले, असे त्या पुष्कळ वर्षे म्हणत राहिल्या, आणि मीही मान डोलावत राहिले. पण दुबईचा जून नसीम लहानपणापासून ओळखत होती, आणि ब्लूबेरी तर तिने स्वतः वाढवली होती.